परदेशातील मुलांकडे दीर्घ मुक्काम : कोणता व्हिसा मागावा?

“व्हिसा दहा वर्षांचा मिळाला आहे, मग सहा महिन्यांत परत का यावे लागते?” ज्या घरातून मुलगा अथवा मुलगी परदेशी स्थायिक झाली आहे, अशा बोरी बुद्रुक, बेल्हे, आळेफाटा, नारायणगाव या पट्ट्यातील बहुतेक घरांतून हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, “मुलगा तिकडे कायमचा राहतो, तर आई-वडिलांना तो सोबत का नेऊ शकत नाही?” जुन्नर-आंबेगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईस जात आली आणि मागाहून त्यांचे आई-वडील, बायका-मुले कोणाचा परवाना न मागता त्यांच्या खोलीवर जाऊन राहिली. नाते रक्ताचे असूनही मुक्कामाचा हक्क अर्ज करून मागावा लागतो, आणि देश, नाते व हेतू यांनुसार तो हक्क बदलतो, ही गोष्ट त्या जुन्या सवयीच्या मनाला सहजी पटत नाही. या गोंधळापायी पुष्कळ कुटुंबांचे पैसे वाया जातात. काहींच्या वाट्याला नकार येतो. आणि क्वचित एखाद्यावर त्या देशाचे दार कित्येक वर्षे बंद होते. तो प्रसंग आपणावर येऊ नये, एवढ्यासाठी पुढील विवेचन केले आहे. शुल्क आणि उत्पन्नाच्या मर्यादा वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरील आकडा मुलाकडून पाहून घ्यावा.

आधी मुक्काम ठरवा

व्हिसावर छापलेली अंतिम तारीख म्हणजे बहुधा त्या देशाच्या नाक्यावर उभे राहून प्रवेश मागण्याची अंतिम तारीख होय. प्रवेश मिळाल्यावर आत किती दिवस राहावयाचे, हे त्या त्या वेळी नाक्यावरील अधिकारी ठरवितो. व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे एकदा ध्यानात आले की अर्धा गोंधळ नाहीसा होतो. उरलेला अर्धा नाहीसा करण्यासाठी घरात बसून, मुलाशी व सुनेशी मोकळेपणाने बोलून, तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढा :

- वर्षातील किती महिने आपण तिकडे राहू इच्छिता आणि किती महिने येथे?
- मुलाचा अथवा मुलीचा त्या देशातील दर्जा कोणता : नागरिक, कायम रहिवासी, की नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या परवान्यावर राहणारा?
- जाण्याचे खरे कारण काय : बाळंतपण, नातवंडांचा सहवास, आजारपण, की उर्वरित आयुष्य तेथेच घालविणे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना पुष्कळांची फसगत होते, कारण विमानात बसण्याच्या उत्साहात आपला शेतीचा हिशेब माणूस विसरतो. उन्हाळी कांदा चाळीत भरला, टोमॅटोचा तोडा आटोपला, घरातील लग्नकार्ये उरकली की पाच-सहा महिने जाऊन यावे, तिकडची कडाक्याची थंडी सुरू होण्यापूर्वी परतावे, आणि दोन वर्षांनी पुन्हा जावे, एवढीच बहुतेक शेतकरी दांपत्यांची खरी इच्छा असते. अशा इच्छेला कायमच्या वास्तव्याचा परवाना लागत नाही. किंबहुना तो घेतल्यास अडचणच होते. माझे स्पष्ट मत असे की ज्यांची जमीन, घर, भावकी आणि मन येथे आहे, त्यांनी भेटीचा व्हिसा घ्यावा. आणि ज्यांचे येथे पाहणारे कोणी उरले नाही, अशांनीच कायम वास्तव्याच्या मार्गाला लागावे.

नाते दप्तरी उतरले आहे काय?

व्हिसाचा अर्ज परदेशी वकिलातीत जातो खरा, परंतु त्याचा पाया ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतो, आणि आपल्याकडील अर्ज बहुधा तेथेच अडतात. आई-वडिलांचे मुलाशी असलेले नाते मुलाच्या जन्मदाखल्याने सिद्ध होते. तो दाखला काढावयास गेल्यावर असे आढळते की जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरात बापाचे नाव आहे, आईचे अर्धवट आहे, आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ ओढलेली आहे. कारण नोंद जन्मानंतर दोन-चार दिवसांत झाली आणि बारसे मागाहून झाले. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ मध्ये नाव मागाहून भरण्याची आणि कलम १५ मध्ये चूक दुरुस्त करण्याची तरतूद आहे. ही दुरुस्ती ग्रामपंचायतीतील निबंधकाकडून, म्हणजे आपल्या ग्रामसेवकाकडून, वेळेवर करून घ्यावी.

नोंदच झाली नसेल, तर जन्मास एक वर्ष उलटल्यानंतरच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. पूर्वी तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत; २०२३ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून, हे काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आले आहे. हा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० रोजी लागू झाला, त्यामुळे त्यापूर्वी जन्मलेल्या वृद्धांची स्वतःची जन्मनोंद अनेकदा सापडतच नाही. अमेरिकेच्या कायम वास्तव्याच्या अर्जात अशा वेळी ‘नोंद उपलब्ध नाही’ असा ग्रामपंचायतीचा दाखला आणि त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला, वडीलधाऱ्या नातलगांची प्रतिज्ञापत्रे असा दुय्यम पुरावा ग्राह्य धरतात. म्हणून नोंद नाही या कारणाने घाबरून कोणाकडूनही बनावट दाखला करून घेऊ नये; तो उघडकीस आल्यास होणारी हानी कशानेही भरून येत नाही.

शाळेत नाव घालताना ज्यांची जन्मतारीख मास्तरांनी १ जून अशी लिहिली, असे कित्येक आजी-आजोबा आपल्या प्रत्येक गावात आहेत. ती तारीख दाखल्यावर एक, आधारकार्डावर दुसरी आणि निवडणूक ओळखपत्रावर तिसरी, असा प्रकार असल्यास ज्या तारखेला सर्वांत जुन्या सरकारी दस्तऐवजाचा आधार आहे, ती धरून बाकीचे कागद दुरुस्त करावेत, आणि मगच पासपोर्टचा अर्ज करावा. नावांचेही तसेच. स्त्रियांच्या बाबतीत तर विशेष : शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, सातबारावर ‘लक्ष्मीबाई’, आधारकार्डावर नुसते ‘लक्ष्मी’, आणि रोमन लिपीतील स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी निराळे. लग्नानंतरच्या नावबदलास विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र हा पुरेसा आधार होतो; अन्य फरकांसाठी ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र करावे, आणि फरक मोठा असल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा.

चाळीस वर्षांपूर्वी मांडवात लागलेल्या लग्नाची नोंद क्वचितच झालेली असते. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, गावपातळीवर तिचे अधिकार ग्रामसेवकाकडे आहेत, आणि उशिरा नोंद करण्यास प्रत्यवाय नाही. लग्नपत्रिका, एखादे जुने छायाचित्र आणि लग्नास हजर असलेले साक्षीदार सोबत न्यावेत. साक्षीदार हयात आहेत तोवर हे काम उरकून घ्या, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

काही देशांत या दाखल्यांवर भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’ नावाचे प्रमाणीकरण लागते. भारत २००५ पासून त्यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. राज्य शासनाचे साक्षांकन आधी आणि परराष्ट्र मंत्रालयाचे नंतर, असा क्रम आहे. संयुक्त अरब अमिरात त्या करारात नसल्याने तेथे जाणाऱ्या दाखल्यांवर त्या देशाच्या वकिलातीचाही शिक्का घ्यावा लागतो. अमेरिकेच्या व ब्रिटनच्या व्हिसाअर्जास सामान्यतः अपोस्टिलची गरज नसते. तेव्हा मध्यस्थाने सांगितले म्हणून सरसकट सगळ्या कागदांवर खर्च करू नका.

अमेरिका

अमेरिकेतील मुलाच्या दर्जावर येथे सर्व काही अवलंबून आहे. मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल, तर त्याच्या पत्नीस व २१ वर्षांखालील अविवाहित मुलांस एच-४ हा आश्रितांचा व्हिसा मिळतो. आई-वडिलांस आश्रित म्हणून कोणताही व्हिसा मिळत नाही. मुलाकडे ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, आले, तरीही तो आई-वडिलांसाठी अर्ज करू शकत नाही. तो नागरिक झाला आणि त्याचे वय किमान २१ असले, तरच तो आय-१३० या नमुन्यावर आई-वडिलांसाठी अर्ज करू शकतो. आणि त्या वर्गास वार्षिक संख्येची मर्यादा नसल्यामुळे रांगेत वर्षानुवर्षे थांबावे लागत नाही. याउलट नागरिक भावाने बहिणीसाठी अथवा भावासाठी केलेल्या अर्जास भारतीयांच्या बाबतीत दीड दशकाहून अधिक काळ लागतो. त्या आशेवर कोणीही येथील नोकरी सोडू नये अथवा जमीन विकू नये.

तोपर्यंत, आणि अनेकांच्या बाबतीत सदासर्वदा, उपयोगी पडणारा व्हिसा म्हणजे बी-२, अर्थात भेटीचा. तो भारतीयांस बहुधा दहा वर्षांचा मिळतो आणि प्रत्येक खेपेस सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. राहण्याची अंतिम तारीख आय-९४ या नोंदीत असते. ती विमानतळ सोडल्यावर त्या सरकारच्या संकेतस्थळावर पाहता येते आणि पाहिलीच पाहिजे. मुदत वाढविणे अपरिहार्य झाले, उदाहरणार्थ अकस्मात शस्त्रक्रिया करावी लागली, तर ती तारीख उलटण्यापूर्वी आय-५३९ हा अर्ज करावा. मुदतीपेक्षा १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून जो परत येतो, त्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष वा अधिक राहिल्यास दहा वर्षे पुनःप्रवेशास बंदी होते.

लेकीच्या बाळंतपणास जाणाऱ्यांनी एक युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे, आणि ती अनेक कुटुंबे आज वापरीत आहेत : पहिले सहा महिने मुलीच्या आई-वडिलांनी जावे आणि ते परतण्याच्या सुमारास व्याही-विहिणींनी जावे. दोन्ही घरांचा मुक्काम नियमात बसतो, बाळाजवळ वर्षभर वडीलधारे माणूस राहते, आणि शेतीचेही खोळंबत नाही. एकाच दांपत्याने सहा महिने राहून, महिनाभर गावी येऊन, पुन्हा सहा महिन्यांसाठी जाण्याचा यत्न केल्यास मात्र नाक्यावरील अधिकारी ‘आपण येथेच राहता की काय’ असे विचारतो, आणि तसे विचारण्याचा त्यास अधिकार आहे. जितके महिने तिकडे राहिलात, निदान तितके तरी येथे राहून मग पुन्हा जाणे श्रेयस्कर.

भेटीच्या व्हिसावर उतरून लगेच कायम वास्तव्याचा अर्ज टाकण्याचा बेत घरूनच करून जाणे हे खोटे निवेदन ठरते. कायमचे राहावयाचे असल्यास त्याचा अर्ज त्या वर्गातच करावा; त्याची मुलाखत मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत होते.

ग्रीन कार्ड घेण्यापूर्वी

मुलगा नागरिक झाल्यावर मोठ्या प्रेमाने म्हणतो, “आई-दादा, आता तुमचे ग्रीन कार्ड करून टाकतो.” त्याच्या प्रेमाबद्दल संशय नको, परंतु होकार देण्यापूर्वी पुढील गोष्टींचा विचार झाला पाहिजे.

ग्रीन कार्ड हा तेथे राहण्याचा परवाना आहे आणि तो जवळ बाळगणारा तेथेच राहतो, असे तो कायदा गृहीत धरतो. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परतताना विचारणा होते. एक वर्षाहून अधिक काळ राहिल्यास दर्जा सोडून दिला असे मानले जाते. जाण्यापूर्वी तेथे असतानाच पुनःप्रवेशाचा परवाना काढल्यास दोन वर्षांपर्यंत सवड मिळते, परंतु वर्षातील आठ महिने बोरीस आणि चार महिने मुलाकडे, असा ज्यांचा क्रम असेल, त्यांचे कार्ड फार काळ टिकणार नाही.

दुसरी गोष्ट कराची, आणि ती आपल्याकडे कोणी सांगत नाही. आपल्या देशात शेतीच्या उत्पन्नास केंद्राचा प्राप्तिकर नाही. अमेरिकेच्या कायम रहिवाशास मात्र जगभरातील सर्व उत्पन्न तेथील विवरणपत्रात दाखवावे लागते, आणि त्यात कुकडीच्या पाण्यावर पिकविलेल्या उसाचे व कांद्याचे पैसेही आले. प्रत्यक्ष कर लागेल की नाही, हे एकंदर उत्पन्नावर ठरेल. दाखविणे चुकत नाही. त्याखेरीज भारतातील सर्व खात्यांतील शिल्लक मिळून वर्षात कोणत्याही दिवशी १०,००० डॉलरांपलीकडे गेली, तर त्या सर्व खात्यांची स्वतंत्र माहिती द्यावी लागते. बँकेतील बचतखाते, पतसंस्थेतील ठेव, टपालखात्यातील रक्कम हे सर्व त्यात मोजले जाते. आणि शेत रस्त्याला गेले व त्याचा मोबदला खात्यावर जमा झाला, तर ही मर्यादा एका दिवसात ओलांडली जाते. न कळविल्याबद्दलचा दंड जबर आहे.

तिसरी गोष्ट आजारपणाची. ६५ वर्षांवरील कायम रहिवाशास, सलग पाच वर्षे तेथे राहिल्यानंतर, मेडिकेअर हा सरकारी विमा हप्ते भरून घेता येतो. मधल्या पाच वर्षांत विम्याचा भार मुलावर पडतो. शिवाय मुलाने सही केलेले आय-८६४ हे हमीपत्र त्याच्यावर कायद्याने बंधनकारक असते. दारिद्र्यरेषेच्या तेथील मापदंडाच्या किमान १२५ टक्के उत्पन्न त्यास दाखवावे लागते.

जमिनीविषयी मात्र अकारण भीती पसरली आहे. ग्रीन कार्ड घेतल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही आणि सातबारावरील नावही जात नाही. मुलाने परकीय नागरिकत्व घेतले तरी वारसाहक्काने येणारी शेतजमीन त्यास मिळू शकते. परदेशस्थ भारतीय नागरिक असो वा ओसीआय कार्डधारक, म्हणजे परकीय नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा माणूस, त्यास नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही.

कॅनडा व ऑस्ट्रेलिया

कॅनडाचा ‘सुपर व्हिसा’ आपल्या आई-वडिलांच्या गरजेला सर्वांत जवळचा आहे. २०११ च्या डिसेंबरात तो सुरू झाला आणि २०२२ च्या जुलैपासून त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. मुलगा अथवा नातू तेथील नागरिक किंवा कायम रहिवासी असावा, त्याचे उत्पन्न कुटुंबाच्या संख्येनुसार ठरलेल्या मर्यादेइतके असावे, आपली वैद्यकीय तपासणी झालेली असावी, आणि किमान एक वर्षाचा, किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरांचा आरोग्यविमा असावा. आई-वडिलांस कायमचे नेण्याचा मार्गही तेथे आहे. परंतु त्याचे अर्ज दरवर्षी घेतातच असे नाही, घेतले तरी इच्छुकांतून निवड होते, आणि मुलावर वीस वर्षांच्या पोषणाची हमी येते. त्या निवडीची वाट पाहत बसण्यापेक्षा सुपर व्हिसा घेऊन नातवंडांजवळ असावे, हे मला शहाणपणाचे वाटते.

ऑस्ट्रेलियाच्या कायम वास्तव्याच्या मार्गावर एक अट अशी आहे की तिच्यापायी आपल्याकडील बहुसंख्य अर्ज बाद व्हावेत. आपल्या एकूण अपत्यांपैकी किमान निम्मी ऑस्ट्रेलियात कायमची राहत असावीत, किंवा अन्य कोणत्याही एका देशापेक्षा तेथे अधिक असावीत. मुलगा मेलबर्नला, एक लेक नारायणगावास आणि दुसरी मंचरला दिलेली, असे कुटुंब घ्या : तीनपैकी एकच अपत्य तिकडे, म्हणून अर्ज अपात्र. लेकी दिल्या घरी गेल्या, त्या आता दुसऱ्या घरच्या, असे आपण म्हणत असलो तरी तो कायदा त्यांना आपलीच अपत्ये मानतो. आणि त्यांची नावे अर्जातून वगळणे म्हणजे खोटी माहिती देणे होय. ज्यांना ही अट पार करता येते, त्यांनाही साध्या वर्गात सुमारे तीन दशके, आणि दरडोई चाळीस हजार डॉलरांहून अधिक शुल्काच्या वर्गातही दशकाहून अधिक काळ थांबावे लागते.

तेव्हा तेथे दोन व्यवहार्य मार्ग उरतात. ८७० क्रमांकाचा, २०१९ पासूनचा तात्पुरता पालक-व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा असतो, एकंदर दहा वर्षांपर्यंत मिळू शकतो, आणि त्यास अपत्यसंख्येची वरील अट लागत नाही. मात्र त्याचे शुल्क हजारो डॉलर आहे, नोकरी करता येत नाही, आणि मुलाची हमीदार म्हणून मंजुरी आधी घ्यावी लागते. दुसरा ६०० क्रमांकाचा भेटीचा व्हिसा, ज्यावर एका खेपेस बारा महिन्यांपर्यंत राहू देऊ शकतात. त्यावर ८५०३ ही अट छापलेली आहे काय, हे पाहावे. ती असल्यास तेथे राहून दुसरा व्हिसा मागता येत नाही.

ब्रिटन, जर्मनी, आखात

ब्रिटनमध्ये आई-वडिलांनी कायमचे जाणे २०१२ पासून जवळजवळ अशक्य झाले आहे. स्वतःची नित्याची कामे वार्धक्यामुळे वा आजारामुळे करता येत नाहीत, आणि मुलाने पैसे पाठवूनही भारतात तशी शुश्रूषा मिळू शकत नाही, असे दोन्ही सिद्ध करावे लागते. भेटीचा व्हिसा दोन, पाच अथवा दहा वर्षांचा मिळतो, पण प्रत्येक मुक्काम सहा महिन्यांच्या आत. विद्यार्थी म्हणून गेलेल्यांस जानेवारी २०२४ पासून, संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता, पत्नी-मुलांस नेता येत नाही. तेव्हा “मुलगा शिकायला चालला आहे, सूनबाई पाठोपाठ जाईल” असे सांगून ठरविलेल्या लग्नात मुलीकडच्यांनी हे आधी तपासावे.

जर्मनीत, १ मार्च २०२४ रोजी अथवा त्यानंतर ज्यास कुशल कर्मचारी म्हणून पहिला वास्तव्य-परवाना मिळाला, त्यास आई-वडिलांना नेण्याचा मार्ग खुला झाला आहे. त्यांच्या निर्वाहाची व आरोग्यविम्याची सोय दाखवावी लागते, आणि वृद्धांचा तेथील विमा महाग असल्याने प्रश्न बहुधा तेथेच अडतो.

आखाती देशांत कुटुंबाचा परवाना मुलाच्या नोकरीवर व पगारावर लटकलेला असतो. नोकरी गेली की तो संपतो. अमिरातीबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास सामान्य परवाना रद्द होतो. भेटीच्या व्हिसावर जाऊन काम धरणे कोणत्याही देशात बेकायदा आहे. आखातात त्याचे फळ म्हणजे कैद, दंड आणि हकालपट्टी.

लग्न करून जाणाऱ्या मुलींसाठी

पतीच्या मागे जाणाऱ्या मुलीचा व्हिसा पतीच्या दर्जावर अवलंबून असतो, आणि याच अवलंबनाचा गैरफायदा घेतला जातो. म्हणून लग्न ठरविताना मुलाच्या व्हिसाची प्रत मागण्यात संकोच करू नका. ज्या घरास ती दाखविण्यात कमीपणा वाटतो, त्या घराविषयी अधिक चौकशी करावी. मुलीने पुढील गोष्टी पक्क्या जाणून घ्याव्यात :

- एच-४ वर सरसकट नोकरी करता येत नाही. पतीचा ग्रीन कार्डाचा अर्ज विशिष्ट टप्प्यावर पोहोचला असेल, तरच २०१५ पासून कामाचा परवाना मिळतो.
- ब्रिटनमध्ये नागरिक अथवा कायम रहिवासी पतीकडे जाण्यासाठी एप्रिल २०२४ पासून वार्षिक २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे. शिवाय इंग्रजीची परीक्षा आणि क्षयरोगाची तपासणी.
- अमेरिकेत लग्नास दोन वर्षे पुरी होण्यापूर्वी मिळालेले ग्रीन कार्ड दोन वर्षांचेच असते. त्यापुढे कायम करण्याचा अर्ज पतिपत्नींनी मिळून करावयाचा असतो. छळ होत असल्यास पत्नीस तो एकटीने करता येतो.
- ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलियातही छळ झालेल्या पत्नीसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. पतीने “तुला परत धाडीन” म्हटले, म्हणून तसे आपोआप होत नाही.
- पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. पती अथवा सासरचे तो अडकवून ठेवू शकत नाहीत. तसे झाल्यास जवळच्या भारतीय वकिलातीकडे धाव घ्यावी. ‘मदद’ या सरकारी संकेतस्थळावर येथून आई-वडिलांसही तक्रार नोंदविता येते.

परदेशी न्यायालयात पत्नीच्या अपरोक्ष घेतलेला घटस्फोट भारतात आपोआप मान्य होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये, वाय. नरसिंह राव यांच्या खटल्यात, ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्याच्या कारणांवर आणि पत्नीने त्या न्यायालयाचा अधिकार स्वेच्छेने मान्य केला असेल तरच असा निर्णय ग्राह्य धरावा, असे स्पष्ट केले आहे. टाकून दिलेल्या विवाहितांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांचा स्वतंत्र कक्ष आहे.

अर्ज, मुलाखत आणि मध्यस्थ

अमेरिकन भेटीच्या व्हिसात अर्जदार परत येणार नाही, असे गृहीत धरूनच अधिकारी प्रश्न विचारतो. परत येणार हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. आपला सातबारा, आठ-अ, साखर कारखान्याची अथवा बाजार समितीची बिले, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि येथे असलेली मुले-नातवंडे हाच आपला सर्वांत भक्कम पुरावा होय. अधिकारी कागद पाहीलच असे नाही. मुलाखत दोन-तीन मिनिटांत संपते. मुलगा काय करतो, किती दिवस राहणार, मागे शेती कोण पाहणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्याच शब्दांत द्यावीत. मराठीत मुलाखत देण्याची सोय मागता येते; मोडक्या इंग्रजीत चुकीचे उत्तर देण्यापेक्षा ती मागावी. “नातवंडे सांभाळायला चाललो” असे म्हणताच नोकरीचा संशय येईल, म्हणून काही मध्यस्थ खोटे कारण शिकवितात. ते करू नका. सुनेच्या बाळंतपणास चाललो आहोत, अमुक महिन्यात परतणार, हे सत्य पुरेसे असते.

मध्यस्थाची पारख करताना त्याचा परवाना विचारा. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन या देशांत सल्लागारांची सरकारमान्य नोंदणी असते व ती नावानिशी तपासता येते. अमेरिकेत हे काम वकिलाचे अथवा मान्यताप्राप्त प्रतिनिधीचे. नोकरीसाठी परदेशी पाठविणाऱ्यास १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे, आणि उमेदवाराकडून त्याने घ्यावयाचे सेवाशुल्क ३०,००० रुपये व त्यावरील कर यापलीकडे जाता कामा नये. “आतून ओळख आहे, व्हिसा शंभर टक्के” असे जो म्हणतो, त्याच्या दारातून परत फिरावे. खोट्या कागदाबद्दल अमेरिकेत आजन्म, ब्रिटनमध्ये दहा वर्षे आणि कॅनडात पाच वर्षे अपात्रता येऊ शकते. आणि ती मध्यस्थावर येत नाही, सही करणाऱ्यावर येते.

नकार आल्यास खचून जाऊ नये. नकाराचे कारण लेखी मिळते. ते वाचून, परिस्थितीत खरोखर फरक पडल्यावरच पुन्हा अर्ज करावा. आधीचा नकार पुढील अर्जात लपविणे हा स्वतंत्र अपराध ठरतो.

निघण्यापूर्वी गावाकडची तजवीज

सहा महिन्यांच्या गैरहजेरीत शेतीचे काम अडू नये म्हणून विश्वासातील माणसास मुखत्यार नेमावे; परंतु कुलमुखत्यारपत्र देऊन जमीन विकण्याचा अधिकार हातचा घालवू नये. पीककर्ज, वीजबिल, खरेदी-विक्रीची बिले, तलाठी कार्यालयातील कामे एवढ्यांपुरते विशेष मुखत्यारपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. परदेशी गेल्यावर ते करण्याची वेळ आली, तर भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवावे, आणि ते येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकशुल्क भरावे. हंगामाची ई-पीक पाहणी बांधावर जाऊन कोण करणार, हे नेमून ठेवा. ती राहिली की पीकविम्यापासून नुकसानभरपाईपर्यंत सगळेच अडते.

प्रवासविमा घेताना आधीपासून असलेले आजार, विशेषतः मधुमेह व हृदयविकार, त्यात धरले आहेत काय, हे नीट वाचा. स्वस्त विम्यात ते बहुधा वगळलेले असतात. औषधे पूर्ण मुक्कामापुरती, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. जे जिल्हा परिषदेचे अथवा शासनाचे निवृत्तिवेतनधारक आहेत, त्यांनी नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्याचा विसर पडू देऊ नये. त्या महिन्यात आपण परदेशी असाल, तर तो तेथील भारतीय वकिलातीतून अथवा ‘जीवन प्रमाण’ या सरकारी व्यवस्थेतून देता येतो, आणि निघण्यापूर्वीच आपल्या बँकेस व कोषागारास तशी लेखी कल्पना देऊन तिची पोच घेऊन ठेवावी.